हो, हेच म्हणायचं होतं

तळमजला हे काही माणसाचं नाव नव्हे, पण त्याने ते स्वतःहून घेतलं होतं. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली, निवृत्त झाला, आणि इंटरनेटवरच्या वादावादीच्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा त्याला दुसरं काही सुचेना. लिफ्ट कुठल्याही मजल्यावर अडको, दुरुस्तीवाला आधी तळमजल्यावरच येऊन उभा राहतो. खरं नाव तिथे कुणी सांगत नसे, आणि बायको गेल्यापासून घरात त्या नावाने हाक मारणारंही कुणी उरलं नव्हतं. तेव्हा आपणही त्याला तळमजलाच म्हणू.

त्या संकेतस्थळाचं नाव समोरासमोर. सभासद जेमतेम दोन-अडीचशे, आणि वाद घालायला विषय तीनच: तंत्रज्ञान, विज्ञान, राजकारण. अणुऊर्जा बरी की वाईट, मतदान सक्तीचं करावं का, गाडी आपली आपण चालू लागली आणि कुणाला धडकली तर तुरुंगात कोण जाणार. एरवी असल्या वादांत पहिल्या दिवशी मुद्दे निघतात, दुसऱ्या दिवशी हमरीतुमरी होते आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांचे आईबाप निघतात. समोरासमोरवर तसं होत नसे. ते चालवणारे गणिताचे एक निवृत्त मास्तर होते आणि त्यांनी एक तऱ्हेवाईक नियम करून ठेवला होता.

नियम असा. समोरच्याला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचंच म्हणणं तुम्ही आपल्या शब्दांत मांडायचं. त्याखाली त्याला दोन बटणं दिसायची. एकावर लिहिलेलं, 'हो, हेच म्हणायचं होतं'. दुसऱ्यावर नुसतं 'नाही'. बटण दाबताना सोबत एखादी ओळ लिहिता यायची. तो हो म्हणेपर्यंत तुमचं उत्तर तिथे लागतच नसे. नाही म्हणाला तर पुन्हा मांडायचं. तीनदा नाही आलं की शेवटची एक खेप, चौदा दिवसांची मुदत. तीही फुकट गेली तर तो धागा, म्हणजे तो वाद, बंद, आणि त्या दोघांना यापुढे एकमेकांना उत्तर देता येणार नाही, कधीच. मास्तरांचं म्हणणं, चार खेपांत ज्यांना एकमेकांचं बोलणं समजत नाही त्यांनी वाद घालून नुसती वीज जाळू नये. खासगी निरोपाची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती. जे बोलायचं ते सगळ्यांदेखत. बघ्यांना वादाखाली एखादी ओळ टाकता यायची, वाद घालणाऱ्या दोघांना मात्र नियमातूनच जावं लागे.

हा नियम वाचूनच निम्मे लोक पळून जात. दुसऱ्याचं म्हणणं त्याच्याच समाधानाने सांगायचं म्हणजे घाम फुटतो, खोटं वाटत असेल तर घरातल्या घरात करून बघा. पण तळमजल्याला ते जमलं. बिघडलेली लिफ्ट बोलत नाही, ती नुसती गचके देते, आणि त्या गचक्यांवरून तिला काय सांगायचंय ते ओळखावं लागतं. त्यात त्याचा जन्म गेला होता.

तिथेच त्याची गाठ पाठकोरा या नावाने लिहिणाऱ्या बाईंशी पडली. बाई, कारण त्या 'मी म्हणते' असं लिहायच्या. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. एकदा फक्त त्यांनी लिहिलं होतं की त्या आपलं उत्तर आधी एका बाजूने कोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहितात, मग टाइप करतात. सहा वर्षं दोघं शब्दाला शब्द भिडवत होते. तो यंत्रांच्या बाजूचा, त्या माणसांच्या. तो आकडे आणायचा, त्या आकड्यांत कोण मोजायचं राहिलं ते त्या विचारायच्या. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण कधीकधी, महिन्यातून एखाद्या वेळी, त्यांच्या 'हो'च्या खाली एक ओळ यायची: 'माझ्यापेक्षा बरं मांडलंत.' त्या दिवशी तळमजला बाजारातून येताना उगाचच दोन मजले जिना चढून यायचा. या गोष्टीची लाज वाटण्याचं त्याचं वय उलटून गेलं होतं.

आता डबीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्यापायी झाला.

तळमजल्याचा मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा, रेल्वेने तीन तासांवर. आई गेल्यावर तो रोज सकाळी नऊला फोन करायचा. दोन मिनिटांचा फोन. "बाबा, उठलात? गोळी घेतली? बरं, ठेवतो." एवढंच. तीन वर्षं एक दिवस चुकला नाही. मग गेल्या वर्षी तो एक पांढरी डबी घेऊन आला, साबणाच्या वडीएवढी, आणि ती त्याने स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवली. डबी रोज सकाळी नऊला बाईच्या आवाजात विचारायची, "आज कसं वाटतंय?" ठीक असेल तर हिरवं बटण, नसेल तर पिवळं. दाबलं नाही तर दहाला पुन्हा विचारायची. अकरापर्यंत काहीच झालं नाही तर मुलाच्या फोनवर निरोप जायचा. तळमजल्याने ती उघडून बघितली, आतलं काम सफाईचं होतं, त्याने मुलाची पाठ थोपटली. डबी आल्यावर फोन रविवारवर आले. मग एका आड एक रविवारी. यात कुणाचं काही चुकत नव्हतं. डबी रोज ठीक म्हणून कळवत होती, मग विचारायचं तरी काय.

आणि पाच आठवड्यांपूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीत एका पक्षाने जाहीर केलं की आम्ही निवडून आलो तर पासष्टीच्या पुढच्या प्रत्येक एकट्या माणसाला अशी विचारपूस करणारी डबी फुकट देऊ. समोरासमोरवर लगेच धागा निघाला. तळमजल्याने बाजू घेतली ती अर्थातच डबीची. आपल्याकडे डबी आहे हे मात्र त्याने लिहिलं नाही. नुसतं लिहिलं, 'अशी यंत्रं मी जवळून पाहिली आहेत.' ते खरंच होतं, म्हणून त्याच्या मनाला लागलं नाही.

त्याचा 'हो' मिळवून मग पाठकोरांचं उत्तर आलं, तीन वाक्यांचं. 'यंत्र बिघडलं असतं तर मी काही बोलले नसते. बिघाड दुरुस्त होतो. ते नीट चालतं, हीच माझी तक्रार आहे.'

तळमजल्याने कपाळाला हात लावला. चौतीस वर्षांत त्याने हजारो तक्रारी ऐकल्या होत्या. दार लागत नाही, मधेच थांबते, खडखडते, चौथ्या मजल्यावर कुबट वास येतो. लिफ्ट नीट चालते अशी तक्रार घेऊन कुणी आलं असतं तर त्याने त्या माणसाला पाणी देऊन पंख्याखाली बसवलं असतं.

तरी त्याने मांडून पाहिलं. पहिल्या खेपेला लिहिलं, 'पाठकोरा यांना नव्या यंत्रांची भीती वाटते.' उत्तर आलं, 'नाही. मी तुमच्याआधी संगणकावर बसले असेन.' दुसऱ्या खेपेला त्याने जरा डोकं चालवलं आणि इतर लोक जे म्हणत होते ते त्यांच्या तोंडी घातलं: पैसा वाया जाईल, घरातली माहिती परक्या हातात पडेल. 'नाही. हे त्या खालच्या गृहस्थांचं आहे, माझं नाही.'

आता त्याचं डोकं फिरलं. प्रतिवाद तर त्याने केव्हाच लिहून ठेवला होता, चांगला आठशे शब्दांचा, पडून बारा तास तसंच राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आकडेवारीसकट. तो नुसता दाराशी खोळंबून होता. रागाच्या भरात त्याने तिसऱ्या खेपेला लिहिलं, 'पाठकोरा यांना वाटतं की लोकांनी आपली कामंधामं टाकून त्यांच्या दाराशी रांग लावावी आणि एकेकाने तब्येत विचारून पुढे सरकावं.' वाचणाऱ्या लोकांत हशा पिकला. तळमजल्यालाही दहा मिनिटं बरं वाटलं.

'नाही' आलं. आणि खाली ओळ नव्हती. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या नुसतं 'नाही' दाबून निघून गेल्या.

तिथे आता लाल अक्षरांत चौदा दिवसांची मुदत दिसू लागली. रोज एक आकडा कमी व्हायचा. पाठकोरा दुसऱ्या कुठल्याच धाग्यावरही फिरकेनात. तळमजला सकाळी उठला की आधी तेच बघायचा. माफी मागावी तर मागायची कुठे. त्याला त्यांच्यासमोर लिहायला एकच जागा उरली होती, आणि तिथे फक्त त्यांचंच म्हणणं लिहिता येत होतं. तेच तर त्याला कळत नव्हतं.

त्याने स्वतःला समजावून पाहिलं. कोण कुठली बाई, ना ओळख ना पाळख, वाद घालायला दोनशे माणसं पडली आहेत. ते काही पटलं नाही. दोनशे माणसं होती, पण त्याने काय म्हटलंय हे आधी नीट समजून घेऊन मग त्याला खोडून काढणारं माणूस एकच होतं. त्याच्या बायकोनेही हे कधी केलं नव्हतं, बिचारी आधीच हो म्हणून मोकळी व्हायची. पाठकोरा गेल्या तर दिवसभरात आपलं बोलणं कुणाच्या कानावर पडणार, याचा त्याने खरोखर विचार केला. दूधवाला आणि डबी. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा.

मुदतीचे तीन दिवस उरले तेव्हा तो सकाळी आठलाच जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसला. त्यांच्यासारखाच, पेन्सिलीने, जुन्या बिलांच्या मागच्या बाजूला. तसं लिहिलं तर कदाचित त्यांच्यासारखं सुचेल अशी त्याची भाबडी समजूत. लिहायचा, खोडायचा. 'यंत्र नीट चालतं ही तक्रार.' नीट चालल्याने कुणाचं काय नुकसान होतं? लिफ्ट नीट चालल्याने जिन्याचं नुकसान होतं, जिन्यात भेटणारे लोक भेटत नाहीत. हे त्याने लिहिलं आणि खोडलं, कारण जिन्यात भेटून लोक एकमेकांशी काय बोलतात हे त्याला माहीत होतं.

"आज कसं वाटतंय?" डबीने विचारलं, तेव्हा तो असा गुंतलेला होता की त्याला ऐकूच आलं नाही. हे खरं आहे.

दहाला तिने पुन्हा विचारलं. या खेपेला मात्र त्याला ऐकू आलं. फळी चार पावलांवर होती. उठतो एवढं वाक्य संपवून, असं तो मनाशी म्हणाला, आणि वाक्य संपल्यावर उठला नाही. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि घड्याळाकडे बघत बसून राहिला. एखादं पोर दाराआड लपून आपल्याला शोधतात का बघतं, तसं त्याचं झालं होतं. एकाहत्तराव्या वर्षी हे शोभत नाही हे त्याला कळत होतं.

अकरा वाजले. निरोप गेला असणार. तळमजल्याने फोन टेबलावर पालथा होता तो उताणा ठेवला. आवाज पूर्ण वाढवलेला आहे ना ते पाहिलं, पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. फोन आला की काय म्हणायचं तेही ठरवलं. 'अरे, काही नाही, लिहीत बसलो होतो.' म्हणजे त्याच्या जिवाला घोर नको. मग तो म्हणेल, काय लिहिताय? मग सांगू.

साडेअकरा झाले. बारा झाले. फोन नाही.

तेव्हा त्याच्या मनात आलं की मुलगा फोन करतच नसेल, तडक निघाला असेल. बापाने बटण दाबलं नाही म्हटल्यावर फोन कसला करतो, माणूस गाडी पकडतो. अकराला निघाला तर दोनपर्यंत पोचेल. हे एकदा डोक्यात आलं आणि मग त्याला बसवेना. त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, टेबलावरचे कागद गोळा केले. पोरगं हवालदिल होऊन येईल आणि आपण धडधाकट, या विचाराने त्याला अपराधी वाटत होतं. पण त्याच्याहून जास्त त्याला आनंद झाला होता, आणि तो त्याने स्वतःपासून लपवला नाही. तांदूळ दोघांचे टाकले.

सव्वादोनला दाराची बेल वाजली. तो जवळजवळ धावतच गेला.

दारात खांद्याला पिशवी लावलेली चाळिशीची एक बाई उभी होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "काका, तुमच्याकडच्या यंत्राची तक्रार आलीय. बघू का?"

"तक्रार कुणी केली?"

तिने हातातल्या फोनवर पाहिलं. "तुमच्या मुलाने. सकाळी अकरा-तेवीसला. 'निरोप चुकीचा आला आहे, यंत्र तपासावे.'"

तळमजला बाजूला झाला. तिने फळीवरून डबी काढली, उलटी केली, छोट्या पेचकसाने मागचं झाकण उघडलं. हात सराईत होता, कामाची माणसं त्याला लगेच कळायची. तिने एक तार लावून बघितली, बटणं दोनदोनदा दाबून पाहिली, मान हलवली.

"काका, यात तर काहीच बिघाड नाही. सकाळी बटण दाबलं होतंत ना?"

"विसरलो असेन," तो म्हणाला.

"होतं तसं. माझी आई पण विसरते." ती फोनवर अर्ज भरत होती. "यंत्र ठीक, असं कळवते त्यांना. सही करा इथे बोटाने."

त्याने बोटाने सही केली. तिला पाणी विचारलं. तिला अजून सहा घरं करायची होती. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत तो दारातच उभा होता. मग आत येऊन त्याने भाताचं झाकण काढलं आणि भात बघून पुन्हा ठेवून दिलं.

संध्याकाळी सहाला मुलाचा फोन आला. "बाबा, आली होती ना ती? मशीन ठीक आहे म्हणाली."

"हो. ठीक आहे."

"मला वाटलंच होतं. म्हणजे आधी जरा धस्स झालं, पण मग तुमचंच आठवलं. बेल वाजली की आधी बेल तपासायची. आठवतंय का, मला घेऊन जायचात तुम्ही कामावर?"

न आठवायला काय झालं. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना तो त्याला शाळेच्या सुट्टीत बरोबर न्यायचा. लिफ्टमधली धोक्याची बेल वाजायला लागली की पोरगं घाबरायचं, आत कुणी अडकलंय म्हणून जिन्याकडे पळायचं. तळमजला त्याची कॉलर धरून म्हणायचा, पळायचं नाही. दहापैकी नऊ वेळा बेलचं बटणच अडकलेलं असतं. आधी बेल तपासायची. पोराला ते इतकं आवडलं होतं की घरी आईलाही ऐकवायचा.

"आठवतंय," तळमजला म्हणाला. "बरोबर केलंस तू."

"चला मग, ठेवतो. मीटिंग आहे. बटण तेवढं दाबत जा."

मागून सूनबाईचा आवाज आला, कसलं तरी झाकण पडल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला. मुलावर रागवायला तळमजल्याला जागाच सापडेना. त्याच्या जागी तो स्वतः असता तर त्यानेही हेच केलं असतं, अगदी याच क्रमाने. यंत्रात दोष नाही, मुलात दोष नाही, शिकवणीत दोष नाही. सगळं जागच्या जागी आणि सुरळीत, आणि दोघांसाठी टाकलेला भात मात्र तसाच झाकलेला होता. नीट चालतं हीच तक्रार, असं ज्या बाईंनी लिहिलं होतं त्या त्याला आता कळल्या.

तो संगणकाशी जाऊन बसला. या खेपेला कागद घेतला नाही.

'पाठकोरा यांचं म्हणणं मला समजलं ते असं. डबी आपलं काम चोख करते. ज्याला आपली काळजी आहे त्याची काळजी ती रोज सकाळी मिटवते. पण मुलगा फोन करत होता तो काळजीपोटीच. काळजी मिटली आणि फोनही मिटला. त्या फोनवर बोलणं तरी काय व्हायचं, उठलात का आणि गोळी घेतली का. पण मागे भांड्यांचा आवाज यायचा, कुणीतरी कुणाला तरी हाक मारायचं, मुलाला सर्दी झालेली असली तर कळायचं. डबीने त्यातला प्रश्न तेवढा घेतला आणि बाकीचं टाकून दिलं, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं की खरं काम ते बाकीचं करत होतं. हे कुणाला सांगायला जावं तर लोक विचारतात बिघाड काय आहे, आणि बिघाड दाखवता येत नाही. मुलगा चांगला आहे. यंत्र चांगलं आहे. पाठकोरा यांना कुणाची चूक काढायची नाही. त्या एवढंच म्हणतात की नगरपालिकेने घरोघरी ही डबी वाटायच्या आधी हे कुणीतरी लिहून ठेवावं.'

वाचून पाहिलं. एक शब्दही न बदलता त्याने ते पाठवलं. मग डबीजवळ जाऊन तिच्यावरची धूळ फडक्याने पुसली. तिचा बिचारीचा काय गुन्हा.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी, मुदतीतला शेवटचा दिवस चालू असताना, दुपारी चारला त्याने पान उघडलं आणि लाल अक्षरं नाहीशी झालेली होती. त्याच्या लिखाणाखाली हिरव्या पट्टीत आलं होतं: 'हो, हेच म्हणायचं होतं.' आणि खाली पाठकोरांची ओळ.

'फक्त मला मुलगा नाही, मुलगी आहे.'

त्याने ती ओळ दोनदा वाचली. सहा वर्षं ज्या बाईंशी तो भांडला त्यांच्याही फळीवर डबी होती. त्यांनी ते लिहिलं नव्हतं, जसं त्यानेही लिहिलं नव्हतं. आणि त्यांच्या दाराशी रांग लावायची थट्टा त्याने केली होती, दोनशे माणसांना हसवून.

आता उत्तराची चौकट उघडली होती. आठशे शब्दांचा प्रतिवाद तयार होता, आकडेवारीत कुठे फट नव्हती, आणि खरं सांगायचं तर तो अजूनही चूक नव्हता. बारा बारा तास पडून राहिलेली माणसं खोटी नव्हती. त्याने तो चौकटीत आणून ठेवला, एकदा वाचला आणि सगळा पुसला. माफी लिहावी असं वाटलं, पण माफी लिहिली की त्या 'असू दे' म्हणतील आणि बोलणं तिथेच संपेल. शेवटी त्याने तीन शब्द लिहिले आणि पाठवून दिले.

'आज कशा आहात?'

समोरासमोरच्या इतिहासात इतका आखूड प्रतिवाद कुणी लिहिला नव्हता. एका सभासदाने खाली विचारलं, याचा विषयाशी संबंध काय. संध्याकाळपर्यंत मास्तरांनी त्याचं वाक्य काढून टाकलं. तळमजल्याचं ठेवलं.

पण नियम तो नियम. पाठकोरांना उत्तर द्यायचं तर त्यांनाही आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडावं लागणार होतं, मग ते तीन शब्दांचं का असेना. बरी आहे किंवा बरी नाही, एवढं नुसतं सांगायचीही तिथे सोय नव्हती. तळमजल्याला हे पाठवल्यावर सुचलं आणि तो स्वतःवरच चरफडला. तीन शब्दांत मांडण्यासारखं असतंच काय. बाई वैतागून सोडून देतील.

त्यांनी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, नऊला पाच मिनिटं कमी असताना, त्याला पानावर त्यांचं लिखाण दिसलं.

'तळमजला यांचं म्हणणं मला समजलं ते असं. त्यांच्याकडेही डबी आहे. ती ते आताही मनापासून चांगली मानतात, आणि त्यांचं तसं मानणं मी बदलू नये. मध्यंतरी त्यांच्या घरी असं काहीतरी झालं की त्यांना माझं म्हणणं एका दिवसात कळलं. ते काय झालं हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. मी कशी आहे हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे. पण त्याहून जास्त, आज हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारायला हवा आहे.'

खाली दोन बटणं होती. सहा वर्षांत तळमजल्याने त्यांना पहिल्या फटक्यात कधी हो म्हटलं नव्हतं. काहीतरी खुसपट काढायचंच, कुठे एखादा शब्द जास्त झाला, कुठे जोर चुकला. त्याने आताही सवयीने लिखाण पुन्हा वाचलं, शब्द न् शब्द, आणि खुसपट शोधता शोधता त्याला अक्षरं दिसेनाशी झाली. चष्मा काढून त्याने डोळे पुसले.

"आज कसं वाटतंय?" फळीवरून आवाज आला.

"थांब जरा," तळमजला डबीला म्हणाला, आणि त्याने 'हो, हेच म्हणायचं होतं' दाबलं. मग उठून, चार पावलं जाऊन, डबीचंही हिरवं बटण दाबलं. नाहीतर पुन्हा दुरुस्तीवाली आली असती.